बाकावरची जोडी

त्या सभागृहात एक आमदार मेल्यावरही दुसऱ्या दिवसापर्यंत हजर होता. खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या, पण हजेरी लागलेली आहे. जेवणानंतरच्या बैठकीत तो मान खाली घालून बसला तो तसाच राहिला, आणि मान खाली घालून बसणं हा तिथे मरणाचा पुरावा धरला जात नसे. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने कोपराने ढोसलं तेव्हा कुठे उलगडा झाला. त्यावरही वाद झाला तो असा, की मधल्या मतदानात हा 'हो' म्हणाला नव्हता, तेव्हा त्याला 'नाही'त मोजायचं का? शेवटी मोजलं. त्याच्या पक्षाने आदेश मोडल्याबद्दल त्याला नोटीसही काढली म्हणतात, पण ते उपाहारगृहातलं बोलणं, त्याची हमी नाही.

हे सगळं कशामुळे, तर आमदारांना रजा नव्हती म्हणून.

त्याच इमारतीत फरशी पुसणाऱ्याला आजारपणाची रजा होती, बाळंतपणाची होती, घरात कुणी गेलं तर दुखवट्याची होती. ते कायदे आमदारांनीच केलेले, बाकं बडवून. पण आमदार म्हणजे काही नोकर नव्हे, तो जनतेचा माणूस, आणि जनतेच्या दारात रजेचा अर्ज घेऊन कोण जाणार? नियमांत गैरहजेरीला दोनच कारणं चालत. एक, स्वतःचं आजारपण, तेही डॉक्टरच्या दाखल्यासकट. दुसरं, सरकारी दौरा. बाकी सगळं विनाकारण. आणि तीनदा विनाकारण गैरहजर राहिलं की खुर्ची गेली.

एका आमदाराने बायकोच्या बाळंतपणाला जाण्यासाठी स्वतःच्या पोटदुखीचा दाखला आणला होता. एक आमदारीणबाई स्वतःच बाळंत व्हायच्या होत्या. त्यांनी नाइलाजाने अर्जात 'आजारपण' लिहिलं, तेव्हा अध्यक्षांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "पूर्ण बरं व्हायला साधारण किती काळ लागेल?" बाई म्हणाल्या, "अठरा वर्षं तरी धरा."

मग माणसं करतात तेच आमदारांनीही केलं. कायद्याला दार नव्हतं, तर भिंतीला भोक पाडलं. त्या भोकाचं नाव जोडी.

ज्याला घरी जायचं असेल त्याने समोरच्या बाकांवरचा एक गडी गाठायचा आणि म्हणायचं, 'मी येईपर्यंत तूही मत देऊ नकोस.' एक इकडचा कमी, एक तिकडचा कमी, तराजू जागच्या जागी. मग गेलेल्याला कुणी गैरहजर म्हणत नसे. कागद नाही, सही नाही. सभागृहाच्या दाराशी दारवानबाईसमोर हातात हात द्यायचा, की झाली जोडी. मागे राहिलेल्याने मतदानाची घंटा झाली की दाराबाहेरच्या लांब बाकावर येऊन बसायचं, चारचौघांना दिसेल असं. तो उठून आत गेला तर जोडी तुटली, आणि गेलेला बिचारा जिथे असेल तिथे विनाकारण गैरहजर.

त्या बाकावर सगळ्यांत जास्त बसलेला माणूस म्हणजे विरोधी बाजूचे बाकसाहेब. त्यांचं खरं नाव फक्त निवडणुकीच्या वेळी बाहेर निघायचं. त्यांच्या बसण्याने फळीला खळगा पडला होता. सुताराने फळी बदलली तर नवीलाही आठवड्यात खळगा पडला. तेव्हा सुतार म्हणाला, "साहेब, लाकडाचा दोष नाही." समोरच्या पक्षातल्या कुणाचं मूल तापाने फणफणलं, कुणाचा बाप अंथरुणाला खिळला, की तो माणूस सरळ बाकसाहेबांकडे यायचा. ते कारणसुद्धा विचारत नसत. नुसता हात पुढे करत.

त्यांच्या पक्षाचा प्रतोद, म्हणजे मतं हाकण्याचं काम ज्याच्याकडे तो गृहस्थ, त्यांच्यावर नेहमी करवादायचा. "अहो, लोकांनी तुम्हाला आत बसायला निवडून दिलंय!"

"आत गर्दी फार असते," बाकसाहेब म्हणायचे.

खरं कारण ते कुणाला सांगत नसत, आणि तरी सगळ्यांना ठाऊक होतं. फार वर्षांपूर्वी, ते तरणेबांड आमदार असताना, त्यांची बायको इस्पितळात होती आणि सभागृहात एका पुलाच्या टोलवर मतदान होतं. निरोप आला, या. त्या वेळचा प्रतोद म्हणाला, एका मताचा प्रश्न आहे, मत देऊन जा. बाकसाहेब थांबले. त्यांची बाजू एवढ्या मतांनी जिंकली की त्यांच्यासारखे दहा घरी गेले असते तरी चाललं असतं. मग ते वाटेत संत्री घेऊन वॉर्डात पोचले. खाटेवर धुतलेली चादर घातलेली होती आणि चादरीवर दुसरीच बाई निजलेली होती. "कुणाला भेटायचंय, भाऊ?" तिने विचारलं. बाकसाहेबांनी संत्री तिच्याच उशाशी ठेवली आणि ते परत आले.

तो पूल पुढे पुरात वाहून गेला. टोलनाका तेवढा राहिला.

तर अशा माणसाकडे एका सकाळी धाकटी आली. सभागृहात वयाने सगळ्यांत लहान म्हणून ती धाकटी, बाकं मात्र सत्ताधाऱ्यांची. आईने इस्त्रीच्या दुकानावर तिला वाढवली होती आणि अजूनही तिचं प्रत्येक जाकीट आईच इस्त्री करून द्यायची. बाहीवरची घडी अशी धारदार की शेजारचे आमदार म्हणायचे, जरा जपून हात हलव, कुणाचं तरी नाक कापलं जाईल. सदस्य रजा विधेयक मांडलं होतं ते हिनेच. घरात जन्म, मरण किंवा जिवावरचं दुखणं असेल तर आमदाराने जावं आणि त्याची खुर्ची शाबूत राहावी, एवढंच त्यात होतं. ओळी थोड्या होत्या, पण दोन्ही पक्षांचे पुढारी त्या ओळींना टरकून होते. लोक म्हणतील, आधी पगार वाढवून घेतले, आता सुट्ट्या मागतात! म्हणून दोघांनी अंग काढून घेतलं होतं: ज्याला जसं वाटेल तसं त्याने मत द्यावं. मतं जवळजवळ सारखीच होती. पडलं तर पुढच्या निवडणुकीपर्यंत तो विषय पुन्हा काढता येत नव्हता, आणि बाकसाहेब पुढची निवडणूक लढवणार नव्हते. गुडघ्यांनीच तसा ठराव केला होता. टोलच्या त्या मतदानापासून ते ज्या विधेयकाची वाट बघत होते ते हे.

"काका, आईचं काही खरं नाही," धाकटी म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, आज नाहीतर उद्या."

बाकसाहेबांनी हात पुढे केला. तिने तो धरला नाही.

"आधी ऐका. माझ्या दोन गैरहजेऱ्या झाल्यात. आई पहिल्यांदा पडली तेव्हा, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी."

"तेव्हा का नाही आलीस माझ्याकडे?"

"तुम्ही तेव्हाही कुणाबरोबर तरी बाकावरच होता."

"हो, ते खरं. मग आजारपणाचा दाखला तरी आणायचास. सगळेच आणतात."

"खोटा दाखला देऊन खऱ्या रजेचं विधेयक कुठल्या तोंडाने मांडू?"

दारवानबाई बाजूलाच उभी होती. तिला त्या दारावर उभं राहून निम्मं आयुष्य झालं होतं. आमदारांचा तिला धाक नव्हता, उलटच असावं. ती म्हणाली, "बाई, माझी मावशी गेली तेव्हा मला पगारी रजा मिळाली. आणि मावशीचं नि माझं पटतसुद्धा नव्हतं. तुम्ही लोकांनीच कायदा केलात की. आमच्यासाठी करताना स्वतःचा विसरलात?"

"आता आठवलाय, तर मतं कमी पडतायत," धाकटी हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा रडवेला झाला. तिने तो लगेच सावरला. "काका, विधेयक पुढच्या आठवड्यात आहे. पण या सभागृहाचा काही नेम नाही. मध्येच पुढे आलं तर मला फोन करा. तासाभराचा रस्ता आहे. मी निघेन, मत देईन आणि परत जाईन."

बाकसाहेबांनी मान हलवली.

आता मान हलवण्याचे त्या सभागृहात पन्नास तरी अर्थ होत असत, आणि त्यातला हा कुठला ते बाकसाहेबांनाही त्या वेळी कळलं नसावं. धाकटीने 'हो' समजून हातात हात दिला, दारवानबाईने पाहिलं, जोडी झाली. ती जिन्याने धावत उतरली. जाकिटावरची घडी तेव्हाही सरळ होती. आदल्या आठवड्यात आईने खाटेला टेकून, बसल्या बसल्या घातलेली ती शेवटची इस्त्री.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्यांचं विधेयक होतं. पण रस्तेमंत्र्यांचा घसा बसला. कोंबडा आरवावा तसा आवाज त्यांच्या तोंडून निघाला, सगळं सभागृह खो खो हसलं, आणि अध्यक्ष म्हणाले, तर मग यादीतला पुढचा विषय घेऊ. पुढचा विषय होता सदस्य रजा विधेयक.

बाकसाहेब आतच होते. भाषणं ऐकायला जोडीची आडकाठी नसे, ती फक्त मताला होती. ते उठले आणि बाहेर येऊन आपल्या खळग्यात बसले. थोड्याच वेळात धाकटीच्या पक्षाचा एक जाड चष्म्याचा आमदार धापा टाकत बाहेर आला. विधेयकाच्या बाजूची मतं जमवण्याचं काम तोच करत होता.

"बाकसाहेब, चला आत! मी डोकी मोजलीत. बरोबरीत आहे. बरोबरी झाली तर अध्यक्ष विरोधात मत टाकतील, त्यांनी तसं सांगूनच ठेवलंय. तुमचं एक मत पडलं की झालं!"

"मी जोडीत आहे."

"अहो, पण कुणाबरोबर? तिच्याचबरोबर ना? तिचंच विधेयक आहे! तुम्ही दोघंही त्याच्याच बाजूचे. मग जोडी कसली नि काय कसली? नवराबायकोने एकमेकांविरुद्ध साक्ष न देण्यासारखं झालं हे!"

"मी आत गेलो तर जोडी मोडली. जोडी मोडली की ती विनाकारण गैरहजर. तिची तिसरी आहे."

ही गोष्ट चष्मेवाल्याच्या ध्यानात आली नव्हती. मग त्याने खिशातून फोन काढला. "तर मग तिलाच बोलावतो. भाषणं चालू आहेत, दोघातिघांना सांगून मी ती लांबवतो. तास काढता येईल. ती येऊ दे, तुम्हीही मोकळे, दोन्ही मतं पडतील. वा! हेच सोपं."

सोपंच होतं. बाकसाहेबांनी हात पुढे केला आणि त्याच्या फोनवर पालथा ठेवला.

"नको."

"म्हणजे?"

"आई जातेय तिची."

"तिनेच सांगितलंय ना, विधेयक आलं तर कळवा म्हणून? मलाही म्हणाली होती, काका कळवणार आहेत."

"सांगितलंय."

"मग?"

"फोन केला तर ती येईल."

"यावी म्हणूनच करायचाय!"

"म्हणूनच करायचा नाही," बाकसाहेब म्हणाले. त्यांचा हात म्हातारा होता, पण तो फोनवरून हलला नाही. "पोरा, ती येईल, मत देईल, जिंकेल. तिला खांद्यावर घेऊन नाचाल तुम्ही. मग ती परत जाईल, आणि खाटेवर धुतलेली चादर असेल."

चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही. "हे तुम्ही ठरवायचं? किती घरांचा प्रश्न आहे! अशी किती माणसं यानंतर वेळेवर घरी पोचतील! तुम्हाला हे कळत नाही? तुम्हाला?"

बाकसाहेबांना कळत होतं. दुसऱ्या कुणाला कळणार नाही इतकं कळत होतं. तराजूच्या एका पारड्यात पुढच्या सगळ्यांच्या खाटा होत्या आणि दुसऱ्यात एकच. शहाण्या माणसाने कुठलं पारडं निवडावं हे शाळेतलं पोरही सांगेल. पण ती एक खाट त्यांना दिसत होती. बाकीच्या मोजता येत होत्या, दिसत नव्हत्या.

"दारवानबाई, तुम्ही तरी सांगा हो यांना," चष्मेवाला म्हणाला.

दारवानबाई दाराच्या पितळी मुठीकडे बघत राहिली. "मी दार उघडते नि लावते, साहेब. कुणाला आत ढकलायचं काम माझ्याकडे नाही."

चष्मेवाल्याने फोन सोडवून घेतला. तो धाकटीला फोन करू शकला असता. थोडा वेळ तो तसाच उभा राहिला, अंगठा आकड्यांवर ठेवून. मग त्याने फोन खिशात टाकला, चष्मा पुसला, आणि "तुमचं पाप तुमच्या डोक्यावर" असं म्हणून आत गेला. पण भाषणं त्याने लांबवली नाहीत, हेही सांगायला हवं.

घंटा झाली. आमदार उपाहारगृहातून, जिन्यांवरून, हात पुसत, बटणं लावत धावत आले आणि बाकसाहेबांसमोरून आत गेले. काहींनी नजर चुकवली. प्रतोदाने मात्र जाता जाता आनंदाने त्यांचा खांदा थोपटला. "आज पहिल्यांदा तुमच्या बसण्याचा उपयोग झाला!" विधेयक पडावं अशी त्याची इच्छा होती.

दारवानबाईने दोन्ही दारं ओढली आणि कडी घातली.

आतून 'हो'चा आवाज आला. बऱ्यापैकी मोठा होता. बाकसाहेबांचे ओठ नकळत हलले, पण दाराबाहेरचा 'हो' कुणी मोजत नाही. मग 'नाही' आलं. मग बराच वेळ शांतता, मोजणीची. मग कुणीतरी एकाने टाळी वाजवायला सुरुवात केली आणि लाजून थांबवली.

कडी निघाली. दारवानबाईने आत डोकावून पाहिलं आणि मागे वळून नुसती मान हलवली. या मान हलवण्याला एकच अर्थ होता.

बाकसाहेब बसूनच राहिले. दारवानबाईने पाण्याचा पेला आणून दिला. त्यांनी तो नुसता धरून ठेवला.

त्यानंतर दोन दिवसांनी धाकटी परत आली. दुपारची वेळ होती, रस्त्यांचं विधेयक अखेर उभं राहिलं होतं आणि रस्तेमंत्र्यांचा आवाज आतून नीट माणसासारखा येत होता. जाकीट तेच. पण ते चुरगळलं होतं, आणि बाहीवर आडव्यातिडव्या सुरकुत्या होत्या. बाकसाहेबांनी आधी त्या बाहीकडे पाहिलं आणि मग काही विचारायची गरज उरली नाही.

"काल सकाळी पोचवून आले आईला," ती म्हणाली. उभीच राहिली.

"केव्हा गेली?"

"ज्या दिवशी तुम्ही फोन केला नाहीत, त्या दिवशी. संध्याकाळी."

दारवानबाई पाठ करून उभी होती, पण कान इकडेच होते.

"दुपारभर शुद्धीत होती," धाकटी म्हणाली. "सारखी विचारायची, तुझं ते रजेचं कधी आहे? मी म्हणायचे, पुढच्या आठवड्यात. ती म्हणायची, मग बस की निवांत. मी बसले. तिने माझी बाही हातात घेतली आणि अंगठ्याने घडी दाबत राहिली. इस्त्री करावी तशी. मी तिला सांगत होते, पुढच्या आठवड्यात, आई. आणि इथे तोवर सगळं संपलं होतं. मी तिच्याशी शेवटचं जे बोलले ते खोटं होतं."

"तुला ते ठाऊक नव्हतं."

"तुम्हाला होतं ना! तुम्ही मान हलवली होती माझ्यासमोर. शब्दाला जागणारा माणूस म्हणून आले होते तुमच्याकडे."

"हो."

"एवढंच? हो?"

"फोन केला असता तर तू आली असतीस."

"आले असते."

"म्हणून नाही केला."

"ते मी ठरवायचं होतं, काका. माझी आई, माझं विधेयक. तुमच्या बायकोचा हिशोब तुम्ही माझ्या आईच्या खाटेवर का मिटवलात?"

बाकसाहेब फळीवरून थोडे सरकले, म्हणजे खळग्यातून बाहेर आले, आणि ती जागा मोकळी झाली.

"मला तुम्हाला माफ नाही करता येणार," धाकटी म्हणाली. "निदान इतक्यात तरी."

"घाई नाही. मी इथेच असतो."

तिला रडू फुटलं ते याच वेळी. दोन दिवस धरून ठेवलेलं होतं. ती मटकन त्या खळग्यात बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडू लागली, आणि नेमकी तेव्हाच रस्त्यांच्या विधेयकाच्या मतदानाची घंटा झाली.

धाकटी दचकून उठू लागली. डोळे पुसायला तिला रुमाल सापडेना, तिने बाही वापरली. ती आल्याबरोबर जोडी संपली होती. आईला पोचवून जेमतेम एक दिवस झाला होता, पण आत गेली नाही तर तिसरी गैरहजेरी. दुखवटा हे कारण नियमांत नव्हतं, आणि दोन दिवसांपूर्वी ते येता येता राहिलं होतं.

"बस," बाकसाहेब म्हणाले.

"घंटा झाली, काका."

"मला ऐकू येते. बस. तू कुठे आलीयेस अजून?"

ती पुन्हा खळग्यात टेकली.

"मी जोडीत आहे," बाकसाहेब म्हणाले. "माझी जोडीदारीण इस्पितळात आहे, आईपाशी. ती आली की दारवानबाई मला सांगतील. काय हो, आली का ती?"

दारवानबाईने बाकाकडे पाहिलं. मुसमुसणारी धाकटी तिच्या हाताच्या अंतरावर बसलेली होती. बाईने तिच्याकडे नीट, निरखून पाहिलं, आणि मग रिकाम्या जिन्याकडे.

"नाही बुवा," ती म्हणाली. "आली की सांगते."

आमदार धावत येत होते. प्रतोद आला, थबकला, त्याने तोंड उघडलं. दारवानबाईने "लवकर, साहेब, दार लावतेय" म्हणून त्याला जवळजवळ लोटलंच. सगळ्यांत शेवटी चष्मेवाला आला. त्याने बाकावरच्या दोघांना पाहिलं, बाकसाहेबांशी तो अजून बोलत नव्हता, आताही बोलला नाही. आपला रुमाल धाकटीच्या मांडीवर टाकून तो आत गेला.

दारवानबाईने दोन्ही दारं ओढली आणि बाहेरून कडी घातली. आत कुठल्यातरी रस्त्यासाठी 'हो'चा मोठा आवाज झाला. बाहेर धाकटी रुमालाची घडी उलगडत होती. बाकसाहेबांनी हात तिच्या बाहीपर्यंत नेला, तिथली एक सुरकुती अंगठ्याने दाबून बघितली. ती काही जाईना. त्यांनी हात मागे घेतला. धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण ती उठलीही नाही.